घर्षण वगळलेला बाजार

मी लातूरला पदार्थविज्ञान शिकवतो. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, परभणी जिल्ह्यात मानवतच्या बाजूला शेती करतात. कापूस, सोयाबीन आणि मधल्या ओळीत तूर. सणावाराला गावी गेलो की जेवणं उरकल्यावर अंगणातल्या बाजेवर बसून बोलणं सुरू होतं आणि ते फिरून शेतमालाच्या भावावरच येतं. आण्णांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच आहे. "वर फेकलेला दगड कुठं पडणार हे तुमच्या शास्त्रात आधी सांगता येतंय. मग भाव कुठं पडणार हे का सांगता येईना कुणाला?"

प्रश्न साधा नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या भल्या भल्या लोकांनी नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तरासाठी माझ्या विषयाच्या घरातून बरंच सामान उचलून नेलं. काय नेलं आणि काय मागे ठेवलं, हे वाचून काढायचा मला नाद लागला. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं. अर्थशास्त्राने पदार्थविज्ञानाकडून समतोल घेतला. घर्षण, उष्णता आणि काळ मागे ठेवला. आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं सगळं जगणं या मागे राहिलेल्या तीन गोष्टींत आहे.

सोयरीक तशी जुनी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणाऱ्या कोपर्निकसने १५२६ च्या सुमारास पैशावरही निबंध लिहिला होता. नाण्यातली चांदी कमी करत गेलं की हिणकस नाणं बाजारात फिरत राहतं आणि चांगलं नाणं लोक दडवून ठेवतात, हे त्याने त्यात मांडलं. न्यूटन १६९६ साली लंडनच्या टांकसाळीत रुजू झाला तो मरेपर्यंत तिथेच होता. १७१७ मध्ये सोन्याच्या गिनीचा भाव २१ शिलिंग ठरला तो त्याच्याच अहवालावरून. आमच्या आजोबांच्या पिढीला यातलं मर्म कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निजामाच्या राज्यात हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये चालायचे, सात हालीला सहा कलदार. कोणता रुपया खर्चायचा आणि कोणता गाडग्यात ठेवायचा, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असायचं.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिलं की बाजारातले भाव आपल्या स्वाभाविक किमतीकडे गुरुत्वाने ओढल्यासारखे येत राहतात. पण स्मिथकडे समीकरणं नव्हती. ती आणली लिऑन वॉलरासने. हा फ्रेंच माणूस स्वित्झर्लंडमध्ये लोझानला प्राध्यापक होता. लुई प्वाँसो या गणितज्ञाचं स्थितिशास्त्रावरचं १८०३ सालचं पुस्तक त्याने तरुणपणी वाचलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. एकमेकांना जोडलेल्या पिंडांवरची सगळी बलं एकदम समीकरणांत मांडता येतात आणि समतोल कुठे येईल ते काढता येतं, ही त्या पुस्तकाची शिकवण. वॉलरासने पिंडांच्या जागी विकणारे आणि घेणारे बसवले. १८७४ साली त्याचा ग्रंथ आला. त्यात एका मालाचा भाव सुटा ठरत नाही. कापूस, सरकी, मजुरी, कापड, सगळ्यांचे भाव एकमेकांना धरून एकाच वेळी ठरतात. कल्पना देखणी आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी किती तरी वेळ तिच्याच विचारात होतो, कारण ती खरोखर माझ्याच विषयातली होती.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने तर सरळ कोष्टकच छापलं. कणाच्या जागी व्यक्ती, बलाच्या जागी सीमांत उपयोगिता (आणखी एक नग मिळाल्याने वाढणारं समाधान), ऊर्जेच्या जागी उपयोगिता, म्हणजे एकूण समाधान. त्याचा एक मार्गदर्शक होता विलर्ड गिब्ज, ज्याच्या नावाशिवाय उष्मागतिकीचं, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचं, एकही पाठ्यपुस्तक पुरं होत नाही. बाजारातले भाव कसे जुळतात हे दाखवायला फिशरने १८९३ मध्ये पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि तरफा जोडून प्रत्यक्ष यंत्र उभं केलं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक पत्र. वॉलरासने आपलं पुस्तक हेन्री प्वाँकारेला पाठवलं होतं. प्वाँकारे म्हणजे त्या काळचा गणित आणि भौतिकी या दोन्हींतला शेवटचा शब्द. १९०१ साली त्याने उत्तर लिहिलं. सूर आदराचा होता, गणिताला त्याने नावं ठेवली नाहीत. फक्त एवढं लिहिलं की यांत्रिकीत आपण पुष्कळदा घर्षण सोडून देतो आणि वस्तू अनंत गुळगुळीत आहेत असं धरतो. तुम्ही माणसं अनंत स्वार्थी आणि अनंत दूरदृष्टीची धरता. स्वार्थाचं गृहीतक सुरुवातीचा अंदाज म्हणून चालेल. दूरदृष्टीबद्दल मात्र थोडा हात राखून बोलावं लागेल.

मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना घर्षणरहित पृष्ठभागावरची गणितं देतो. पण महिना-दोन महिन्यांत घर्षण परत आणतो, कारण ते आणल्याशिवाय गाडीचा ब्रेकसुद्धा समजत नाही. अर्थशास्त्रात काहींनी घर्षण परत आणलं, मोठ्या कष्टाने आणलं आणि त्यांचा मानही झाला. तरी ज्या अर्थशास्त्रावर आमच्या शेतमालाच्या भावाची चर्चा टीव्हीवर चालते, ते बहुतेक अजून गुळगुळीत पृष्ठभागावरचंच आहे. मागणी आणि पुरवठा एका बिंदूवर भेटले, भाव ठरला, विषय संपला.

तो बिंदू जवळून पाहायचा तर दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात जावं. २०२४ साली मी आण्णांबरोबर गेलो होतो. सोयाबीनचा ढीग ओतलेला. खरेदीदाराच्या माणसाने त्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढले, दोन दाताखाली फोडले, बाकीचे ओलावा मोजायच्या यंत्राच्या वाटीत टाकले. काट्यासारखं छोटं यंत्र, वर झाकण, झाकण पिळलं की आकडा येतो. सोळा आला. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्क्यांच्या आत ओलावा लागतो. दिवाळीनंतर नोव्हेंबरात केंद्राने तो पंधरापर्यंत सैल केला, पण सोळा त्यातही बसला नसता. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आमचा सौदा त्याच्या बराच खाली तुटला. मग हमाली, तोलाई, कडता. पट्टी हातात आली तेव्हा आण्णांनी ती वाचलीही नाही, घडी करून खिशात घातली.

माल आठ दिवस उन्हात घातला असता तर ओलावा उतरला असता. मी तसं म्हणालोही. आण्णा म्हणाले, "ऊन थांबंल, उधारी थांबत नाही." बियाण्या-खताच्या दुकानाची उधारी दिवाळीला फेडायची, हरभऱ्याची पेरणी तोंडावर, कापूस वेचणीच्या मजुरीला रोख लागते. गावातल्या प्रत्येकाला पैसा त्याच आठवड्यात लागतो, म्हणून प्रत्येकाचा माल त्याच आठवड्यात बाजारात येतो. प्वाँकारेने ज्या दूरदृष्टीबद्दल हात राखला होता, ती आण्णांकडे भरपूर आहे. जानेवारीत भाव सुधारण्याची शक्यता त्यांना चांगली दिसते. तिथवर थांबायची ऐपत नसते, आणि ती ऐपत वॉलरासच्या कुठल्याच समीकरणात चल म्हणून येत नाही.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ स्टॅनली जेव्हन्सची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तो आमच्या पावसापर्यंत पोचला होता. तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत धातू पारखण्याचं काम आणि जोडीला हवामानाच्या नोंदी, अशी त्याची सुरुवात. वॉलरासच्या बरोबरीनेच, १८७१ मध्ये, त्यानेही विनिमयाचा सिद्धान्त मांडला आणि त्याची तुलना तरफेच्या समतोलाशी केली. पण नंतर त्याला वेगळाच ध्यास लागला. इंग्लंडमध्ये दर दहा-साडेदहा वर्षांनी व्यापारी संकट येतं आणि सूर्यावरचे डागही साधारण तेवढ्याच काळाने वाढतात-घटतात, हे त्याने हेरलं. १८७८ मध्ये त्याने दोन्ही जोडले. त्याची साखळी अशी होती: सूर्याचं तेज बदललं की हिंदुस्थानातला पाऊस आणि पिकं बदलतात, पीक बुडालं की धान्य महागतं, धान्य महागलं की इथल्या रयतेकडे कापडाला पैसा उरत नाही, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा माल पडून राहतो. पुराव्यासाठी तो दिल्लीच्या धान्याचे जुने भाव धुंडाळत होता.

सूर्यडागांचं चक्र सरासरी अकरा वर्षांचं निघालं, संकटांशी त्याचा मेळ बसला नाही आणि सिद्धान्त मोडीत निघाला. आजही अर्थशास्त्राच्या वर्गात त्याचं नाव निघालं की लोक हसतात. मला ते हसणं आवडत नाही. हे तो लिहीत होता तेव्हा १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनमध्ये चालू होता. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा आणि आमचं हैदराबाद संस्थान त्यात होरपळलं, लाखो माणसं मेली. लंडनमध्ये बसून भावाच्या मुळाशी सूर्य, ढग आणि जमीन शोधणारा अर्थशास्त्रज्ञ त्या काळात किती दुर्मीळ होता! त्याची एक कडी चुकली. बाकीच्या कड्या आम्ही दर कोरड्या वर्षी डोळ्यांनी पाहतो: पाऊस गेला की पहिल्यांदा मरतं ते तालुक्याचं कापड दुकान, मग सोनार, मग मोटारसायकलचं शोरूम.

देणंघेणं एकाच बाजूने झालं असंही नाही. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केतले याने १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' उभा केला आणि पुढे ताऱ्यांच्या मोजणीतल्या चुकांसाठी तयार झालेला घंटेसारखा आलेख उचलून माणसांच्या उंची-छातीला लावला. जॉन हर्शेलने १८५० मध्ये त्याच्या कामावर लिहिलं, ते तरुण मॅक्सवेलच्या वाचनात आलं आणि १८६० मध्ये मॅक्सवेलने वायूतल्या रेणूंच्या वेगांना तोच आलेख लावला. म्हणजे माझ्या विषयातला एक पायाचा सिद्धान्त समाजशास्त्राच्या दारातून आत आला आहे. वर्गात हे सांगितलं की पोरांचे चेहरे उजळतात.

आपल्याकडे हा धागा थेट बांधापर्यंत आला. प्रशांतचंद्र महालनोबिस केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकून आले, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तेच शिकवत होते, आणि १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांच्याच गणितावर उभा राहिला. त्याआधी बंगालमध्ये तागाचं पीक किती, हे नमुना घेऊन मोजायची पद्धत त्यांनी बसवली. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातले पांडुरंग सुखात्मे यांचा त्यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस अगदी लहान तुकडा कापून मोजत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. एवढ्याशा गोष्टीवर देशाचा धान्याचा अंदाज हलत होता.

आज आमच्या शिवारात पीक कापणी प्रयोग होतो तो या वादाचाच वंशज. यादृच्छिक गट नंबर निघतो, तलाठी, कृषी सहायक, विमा कंपनीचा माणूस येतात, दोरीने चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून, मळून, तोलतात. त्या तोलावरून महसूल मंडळाची सरासरी निघते आणि ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर विमा मिळतो. पद्धत प्रामाणिक आहे, मी तिचा आदर करतो. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना ठाऊक आहे की गारा मंडळाची हद्द पाहून पडत नाहीत. ओढ्याच्या अलीकडे ज्वारी झोपली, पलीकडे उभी. सरासरीने पाहिलं तर दोघंही अर्धे बुडाले. प्रत्यक्षात एक पुरता बुडाला.

सरासरीवरचा माझा विश्वास ज्याने खरा हलवला तो गणितज्ञ बेनवा मँडेलब्रो, आणि त्याने तो हलवला कापसावरून. त्याआधीचं थोडं सांगायला हवं. १९०० मध्ये पॅरिसात लुई बाशेलिए नावाच्या विद्यार्थ्याने सट्ट्याच्या भावांवर प्रबंध लिहिला. तपासणारा होता तोच प्वाँकारे. भाव पुढच्या क्षणी वर जाईल की खाली, याला कसलाच नेम नाही असं धरून बाशेलिएने जे गणित केलं, तेच गणित पाच वर्षांनी आइनस्टाइनने पाण्यातल्या बारीक कणांच्या थरथरीसाठी मांडलं. या वाटेने पुढे १९७३ मध्ये ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काची) किंमत काढायचं ब्लॅक आणि शोल्सचं सूत्र आलं, जे थोडं फिरवलं की लोखंडी कांबीतून उष्णता पसरण्याचं समीकरण होतं. या सगळ्याच्या मुळाशी तोच घंटेचा आलेख: छोटे चढउतार पुष्कळ, मोठे जवळजवळ नाहीतच.

मँडेलब्रोने १९६३ मध्ये अमेरिकेतल्या कापसाच्या भावांच्या कित्येक दशकांच्या नोंदी तपासल्या. कापूस घेतला कारण इतक्या जुन्या आणि सलग नोंदी फार थोड्या मालांच्या होत्या. त्याला दिसलं की मोठ्या उड्या घंटेच्या आलेखाला मान्य होतील त्याहून कितीतरी जास्त वेळा येतात. दिवसाच्या आणि महिन्याच्या चढउतारांचा आकारही सारखाच राहतो, फक्त मोजपट्टी बदलते. म्हणजे मोठा झटका हा अपवाद नव्हे, तो बाजाराच्या स्वभावातच आहे. पुढे भौतिकीतल्या लोकांनी या दिशेने इतकं काम केलं की त्याला 'इकॉनोफिजिक्स' असं नाव पडलं. ते नाव यूजीन स्टॅनली या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये आपल्याकडे, कोलकात्यातल्या परिषदेत वापरलं.

मानवतच्या बाजारात हे कुणाला नवीन नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी भाव खूप खाली आला, तेव्हा लोकांनी तो पुन्हा चढेल म्हणून कापूस विकलाच नाही. आमच्या घरी माळवदाच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. उन्हाळ्यात पोरांच्या अंगाला खाज सुटली, उंदरांनी बिळं केली, आणि वाळत वाळत वजन घटत गेलं. शेवटी पेरणीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने काढला. भाव उलटा फिरू शकतो. वाळलेल्या कापसाचं वजन परत येत नाही. विखुरलेलं आपोआप मागे येत नाही असं सांगणारा उष्मागतिकीचा दुसरा नियम याहून जवळून मी कुठे पाहिलेला नाही.

हा दुसरा नियमच अर्थशास्त्राने सर्वांत उशिरा दारात घेतला. १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या इंजिनिअरने माणसाहून उंच यंत्र चालवून दाखवलं, ज्यात रंगीत पाणी म्हणजे देशाचा पैसा. कर, बचत, आयात अशा नळ्यांतून ते फिरतं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. मला त्या यंत्राबद्दल फार कौतुक आहे. तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी इथेच होतो, आणि तेव्हापासून त्या बंद वर्तुळाचा विचार केला की मला पहिलं सुचतं ते हे की टाकीत पाणी मुळात कुठून आलं, हा प्रश्न त्या यंत्राला पडतच नाही. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एन्ट्रॉपीवरच्या, म्हणजे याच दुसऱ्या नियमातल्या विखुरण्याच्या मापावरच्या, ग्रंथात तो सविस्तर विचारला.

त्याच्याही आधी विचारणारा एक होता, फ्रेडरिक सॉडी. रुदरफर्डबरोबर किरणोत्साराचं कोडं सोडवणारा, समस्थानिकांसाठी १९२१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारा माणूस. पहिल्या महायुद्धानंतर तो अर्थशास्त्राकडे वळला आणि १९२६ मध्ये संपत्ती आणि कर्ज यांवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. धान्य, कापड, गुरंढोरं, यंत्रं ही खरी संपत्ती निसर्गाच्या नियमाखाली येते: ती किडते, गंजते, म्हातारी होते. कर्ज हा नुसता आकडा आहे, त्याला फक्त गणिताचा नियम लागतो. तो सडत नाही, चक्रवाढीने वाढत जातो. वाढणाऱ्या आकड्याला झिजणाऱ्या वस्तूने कायमचं गाठणं शक्य नाही. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. मला वाटतं, या दोन शास्त्रांच्या सगळ्या व्यवहारात आमच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचं इतकं थेट वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. दरमहा शेकडा तीनने घेतलेली खाजगी रक्कम चक्रवाढीने दोन वर्षांत दुप्पट होते. दोन वर्षांत जमीन दुप्पट पिकत नाही, पाऊस दुप्पट पडत नाही.

सॉडीला जे सुचलं त्यावरचा लगाम आपल्या जुन्या धर्मशास्त्रात आहे, हे मला फार उशिरा कळलं. दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, मग कितीही वर्षं उलटोत. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही हिंदू धनको-ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानला. आण्णांना मी सॉडी आणि दामदुप्पट दोन्ही समजावून सांगितलं. ते बराच वेळ हिशेब करत राहिले आणि म्हणाले, "हे आपल्या आज्याच्या वेळी कुणी धरलं असतं, तर नदीकाठचं रान आपल्याकडंच राहिलं असतं."

पुढच्या सत्रात दुसरा नियम शिकवायची पाळी आली की मी फळ्यावर दोन आलेख काढणार आहे. एक घरात ठेवलेल्या कापसाच्या वजनाचा, दुसरा त्याच कापसाच्या भरवशावर उचललेल्या कर्जाचा. वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत. पहिला आलेख खाली का जातो, हे त्यांना माझ्याआधी सांगता येईल. दुसरा वर का जात राहतो, आणि तो कुठे थांबवायचा हे कुणी ठरवायचं, यावर मला त्यांच्याशी पूर्ण एक तास बोलायचं आहे.